तीन गाड्या, तीन पावत्या: विम्याला कात्री लावायची कुठे?

मानेवाडा रोड, नागपूर इथून एका वाचकाचं पत्र आलं आहे:

"नमस्कार. माझ्याकडे तीन गाड्या आहेत. वडिलांची २०११ ची स्प्लेंडर (एमएच-३१), पुण्याला नोकरीत असताना २०१७ मध्ये घेतलेली पल्सर १५० (एमएच-१२) आणि २०२२ च्या दसऱ्याला घेतलेली क्लासिक ३५० बुलेट (एमएच-४९). वडील दोन वर्षांपूर्वी गेले. स्प्लेंडरचा विमा एजंट अजून त्यांच्याच नावाने रिन्यू करून देतो. रोज ऑफिसला जायला आणि मुलीला शिकवणीला सोडायला मी स्प्लेंडरच वापरतो. बुलेट रविवारची, पल्सर बहुतेक उभीच असते. मध्यंतरी तिचा विमा चार महिने संपलेला होता. आता तिन्हींचा फुल इन्शुरन्स आहे आणि वर्षाला ५,८०५ रुपये जातात. मी एका वेळी एकच गाडी चालवतो, मग तीनदा विमा कशासाठी? तिन्हींची मिळून एकच पॉलिसी होते का? पल्सरचा विमा बंद केला तर चालेल का? पावत्यांचे फोटो जोडले आहेत."

नमस्कार.

तुमच्या पावत्या नीट वाचल्या. वर्षाला साधारण १,४५५ रुपये वाचतील, आणि तेही कुठलं महत्त्वाचं संरक्षण न सोडता. पण पैशापेक्षा मोठी अडचण स्प्लेंडरच्या पावतीत आहे. जी गाडी तुम्ही रोज चालवता, जिच्यावर मुलगी मागे बसते, तिच्याच विम्याचा पाया कच्चा आहे. त्यामुळे पैशांचं आधी सांगतो, पण स्प्लेंडरवर जास्त थांबणार आहे.

एका वेळी एकच गाडी चालवतो, हा तुमचा मुद्दा रास्त वाटतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये विमा गाडीला बांधलेला आहे, चालवणाऱ्याला नाही. तुमच्या परवानगीने तुमचा भाचा पल्सर घेऊन गेला आणि कुणाला धडक बसली, तर भरपाईसाठी गाडीचा मालक म्हणून तुम्हालाच उभं राहावं लागतं. म्हणून प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, वेगळा. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि त्यावर कुठलीही कंपनी स्वतःहून सूट देऊ शकत नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात दुचाकीचे वार्षिक दर असे आहेत: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. यावर १८ टक्के जीएसटी. पैसे भरताना त्या दिवशीचा दर बघून घ्या, कारण हे दर सरकार अधूनमधून बदलतं.

तुमची स्प्लेंडर शंभर सीसीच्या आतली आणि पल्सर १४९.५ सीसीची, म्हणजे दोन्ही ७१४ च्या गटात. पल्सर दीडशेच्या काठावरून आत बसली हे बरं झालं. बुलेट ३४९ सीसीची असल्याने तीही ३५० च्या आत आहे. कधी चौथी गाडी घ्यायचा विचार आला आणि मन चारशे-साडेचारशे सीसीच्या गाडीवर गेलं, तर आधी हे गणित करा: नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर १५,११७, जीएसटी धरून १७,८३८. शोरूमच्या कोटेशनमध्ये हा आकडा 'इन्शुरन्स' या एका शब्दाखाली झाकलेला असतो.

आता तुमच्या पावत्या. दुचाकीच्या फुल इन्शुरन्सच्या पावतीत सहसा तीन भाग असतात. पहिला ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. दुसरा थर्ड पार्टी. तिसरा मालक-चालकाचा अपघात विमा, ज्याला पावतीवर सीपीए किंवा 'पीए ओनर ड्रायव्हर' लिहिलेलं असतं. तुमच्या तिन्ही पावत्यांत हे भाग असे आहेत.

स्प्लेंडर: ओन डॅमेज १६२, थर्ड पार्टी ७१४, सीपीए ३३०, जीएसटीसह १,४२३ रुपये.
पल्सर: ओन डॅमेज ५७४, थर्ड पार्टी ७१४, सीपीए ३३०, जीएसटीसह १,९०९ रुपये.
बुलेट: ओन डॅमेज १,३१६, झिरो डेप (सुटे भाग बदलताना घसारा न कापण्याची जादा सोय) ४५०, सीपीए ३३०, जीएसटीसह २,४७३ रुपये. हिचा थर्ड पार्टी ऑक्टोबर २०२७ पर्यंत आधीच भरलेला आहे.

सीपीएचे ३३० रुपये तीनदा घेतलेले आहेत. हे एकदाच पुरे आहेत. १ जानेवारी २०१९ पासून हा विमा स्वतंत्रपणे घेता येतो आणि एका मालकाच्या अनेक गाड्या असल्या तरी एकच सीपीए पुरतो, असा विमा नियामकाचा (आयआरडीएआय) नियम आहे. रक्कम १५ लाख. मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे वा दोन अवयव गेल्यास पूर्ण रक्कम, एक डोळा वा एक अवयव गेल्यास निम्मी. तिन्ही पावत्यांवर सीपीए असला म्हणून ४५ लाख मिळतील, असं गृहीत धरू नका. नियमात गरज एकाचीच आहे. दुसऱ्या कुठल्या वैयक्तिक अपघात विम्यात तुम्हाला १५ लाख किंवा त्याहून जास्त संरक्षण असेल, तर एकही सीपीए घ्यायची सक्ती उरत नाही. नोकरीच्या ठिकाणी गटविमा असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागवून त्यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व दोन्ही आहेत का ते बघा. मात्र नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, म्हणून एक सीपीए स्वतःच्या नावे ठेवणं आम्हाला जास्त सुरक्षित वाटतं.

हा एक सीपीए बुलेटच्या पावतीत आहे तिथेच ठेवा. पल्सरचा विमा रिन्यू होईल तेव्हा तिथला काढून टाका. काढताना मात्र एक चूक फार जण करतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये सीपीए काढायला गेलं की कारण विचारतात, आणि दोन पर्याय येतात: माझ्याकडे वैध लायसन्स नाही, किंवा माझा असा विमा आधीच आहे. पहिल्या पर्यायात पुढे काही भरावं लागत नाही, म्हणून घाईत तोच टिकला जातो. एजंटही तोच टिकतात. मग तुमच्याच सहीच्या प्रस्तावात लिहिलेलं असतं की या माणसाकडे लायसन्स नाही. उद्या दावा आला की तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो. दुसरा पर्याय निवडा आणि बुलेटच्या पॉलिसीचा क्रमांक, कंपनी, १५ लाखांची रक्कम आणि मुदत संपण्याची तारीख भरा. शाखेत कागदावर भरत असाल तर हेच चार तपशील लिहून द्या आणि पोच घ्या. बुलेटच्या कंपनीलाही एक ईमेल पाठवून विचारा की माझ्या नावावरच्या इतर दुचाकी चालवताना हा सीपीए लागू आहे ना. उत्तर जपून ठेवा.

यात एक जोखीम आहे ती लक्षात असू द्या. एकच सीपीए ठेवला की त्याची तारीख ही तुमच्या सगळ्या गाड्यांची तारीख होते. बुलेटचं रिन्यूअल दसऱ्याच्या गडबडीत आठ दिवस राहिलं, तर ते आठ दिवस तुम्ही स्प्लेंडरवरही अपघात विम्याशिवाय फिरणार. आणि बुलेट विकलीत तर त्याच दिवशी सीपीए दुसऱ्या गाडीवर घ्या किंवा स्वतंत्र काढा.

नॉमिनीचा रकानाही उघडून बघा. पल्सर २०१७ ची आहे. तेव्हा नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव दिलं असेल तर ते तसंच पुढे सरकत आलेलं असण्याची शक्यता आहे. बदलायला कंपन्या सहसा एक अर्जच मागतात.

आता स्प्लेंडर.

तिच्या पावतीवरचे सीपीएचे ३३० रुपये पूर्ण वाया जात आहेत. त्या पावतीत मालक-चालक तुमचे वडील आहेत. ते हयात नाहीत, त्यामुळे त्या विम्याचा लाभ कुणालाच मिळू शकत नाही. आणि तुमचा बुलेटवरचा सीपीए स्प्लेंडर चालवताना तुमच्या कामी येत नाही, कारण सीपीए स्वतःच्या नावावरच्या गाडीसाठी असतो आणि स्प्लेंडर तुमच्या नावावर नाही. म्हणजे ज्या गाडीवर तुम्ही रोज असता, नेमक्या त्याच गाडीवर तुमचा अपघात विमा शून्य आहे. तीन सीपीए भरूनही. हे वाचून काळजी वाटली, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

ओन डॅमेजचंही तसंच. मालक वारल्यावर चालू पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. या काळात वारसाने गाडी आणि पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. तुमच्या बाबतीत ती मुदत कधीच उलटली आणि त्यानंतर दिवंगत व्यक्तीच्या नावाने दोनदा नूतनीकरण झालं. गाडी चोरीला गेली तर दावा कोण करणार, सही कोणाची, चेक कोणाच्या नावे? कंपनीला दावा नाकारायला एवढं पुरेसं आहे. एजंटने वाईट हेतूने केलं असेल असं नाही; नाव न बदलता बटण दाबून रिन्यू करणं सोपं असतं एवढंच. पण त्याचा फटका तुमच्या घराला बसेल.

गाडी एमएच-३१ ची आहे, म्हणजे काम गिरीपेठेतल्या शहर आरटीओचं. वारसाच्या नावे गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. एजंट लोक विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरून त्यावर वडिलांची 'जुनी' सही मिळते का विचारतात. त्या वाटेला अजिबात जाऊ नका, ती खोटी कागदपत्रं होतात. सोबत आरसी, मृत्यूचा दाखला, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि आई-भावंडांचं ना हरकत पत्र ठेवा. अर्ज परिवहन संकेतस्थळावरून सुरू करून फी ऑनलाइन भरता येते. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाल्याचा दंड लागेल तो भरा. मृत्यूची तारीख दाखल्यावर आहेच, लपवण्यासारखं काही नाही. गाडी २०११ ची आहे, तेव्हा आरसीवरची पंधरा वर्षांची मुदत कधी संपते तेही याच फेरीत बघा. आरसीचं नूतनीकरण आणि नाव बदल एकाच खेपेत विचारलंत तर चकरा वाचतील. चालू विमा दोन्ही कामांना लागतो, म्हणून आत्ताची पॉलिसी मध्येच रद्द करू नका.

नवं आरसी हातात आलं की त्याची प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा आणि पॉलिसी तुमच्या नावे करून घ्या. इथे एक गोष्ट आवर्जून मागा: नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट. गाडी विकली तर जुन्या मालकाचा बोनस नव्या मालकाला मिळत नाही. पण मालकाच्या मृत्यूमुळे गाडी कुटुंबातल्या व्यक्तीकडे आली, तर तो बोनस त्या व्यक्तीला मिळतो. तुमच्या वडिलांनी पाच वर्षांहून जास्त काळ एकही दावा केलेला नाही, ५० टक्के बोनस आहे. तो त्यांनी सांभाळून चालवलेल्या गाडीचा आहे. शाखेतल्या माणसाने 'नवीन मालक, बोनस शून्य' म्हटलं तर मृत्यूचा दाखला पुढे ठेवून वारसाचा नियम लागू करायला सांगा.

स्प्लेंडर तुमच्या नावावर आली की बुलेटचा एक सीपीए तिच्यावरही चालेल. तिथले ३३० रुपयेही मग वाचतात.

आता कुणीही म्हणेल की पंधरा वर्षांची गाडी, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) अठरा हजार, तिला फुल इन्शुरन्स कशाला, थर्ड पार्टी पुरे. आमचं मत उलट आहे आणि ते मागे बसणाऱ्या मुलीमुळे आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, ज्याला 'ॲक्ट ओन्ली' म्हणतात, तुमच्या मागे बसलेली व्यक्ती धरलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे की अशा पॉलिसीत पैसे न देता मागे बसलेल्याच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो, तिच्यात मात्र मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनी उचलते. जुन्या गाडीचं ओन डॅमेज काढून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ते काढलं की हेही जातं, हे सहसा कुणी सांगत नाही. तुमच्या स्प्लेंडरला ओन डॅमेजचे फक्त १६२ रुपये पडतात, जीएसटीसह १९१. हे अठरा हजारांच्या गाडीसाठी नाहीत, मागच्या सीटसाठी आहेत. ते भरत राहा. एवढंच नाही, मागे बसणाऱ्याचा वेगळा अपघात विमाही थोड्या पैशांत मिळतो. शाखेत 'अननेम्ड पिलियन पीए' असं म्हणून विचारा आणि स्प्लेंडरवर घ्या.

पावतीत 'टीपीपीडी' असा रकाना दिसेल. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर दुचाकीला एक लाखापर्यंत संरक्षण असतं. ते सहा हजारांवर आणलं तर पन्नास रुपये सूट मिळते. एखाद्या कारचा बंपर आणि हेडलाइट एवढ्यातच सहा हजार संपतात. ही सूट कधीच घेऊ नका.

पल्सरकडे वळू. उभ्या गाडीचा विमा बंद करावा का? कायदा सार्वजनिक जागी वापरायच्या गाडीला विमा सक्तीचा करतो. कंपाउंडच्या आत, कुलूप लावून, कधीच बाहेर न काढता ठेवली तर विम्याशिवायही कायदा मोडत नाही. पण घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी असेल तर ती सार्वजनिक जागाच. आणि 'बहुतेक उभीच' म्हणजे महिन्यातून एकदा बॅटरी मरू नये म्हणून चौकापर्यंत एक चक्कर होतेच. त्या एका चकरेत कुणाला लागलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा भरपाईचा आदेश तुमच्या पगारावर आणि घरावर येतो. दुखापत आणि मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. विम्याशिवाय पकडलं तर दंड पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा पकडलं तर ४,०००, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. वर्षाचा थर्ड पार्टी जीएसटीसह ८४३ रुपयांचा आहे. तो चालू ठेवा.

तिचं ओन डॅमेज मात्र सोडायला हरकत नाही. बोनस टिकवायला रिन्यूअल ९० दिवसांच्या आत व्हावं लागतं. चार महिन्यांच्या खंडात तो आधीच गेला आहे, म्हणजे सोडल्याने बोनसचं नुकसान नाही. ओन डॅमेज काढल्यावर त्या गाडीवर कुणाला मागे बसवू नका. कारण वर सांगितलंच. आणि एक अट आहे: गाडी कुठे उभी असते ते बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पुराचं नुकसान फक्त ओन डॅमेजमध्ये येतं. काही कंपन्या थर्ड पार्टीला जोडून आग आणि चोरीचं मर्यादित संरक्षण देतात, पण त्यात पूर नसतो. तुमची पल्सर नदी-नाल्याजवळच्या खोलगट पार्किंगमध्ये असेल तर ५७४ रुपये वाचवू नका. उंचावर असेल तर सोडा. पाण्यात बुडालेली गाडी मात्र कधीच सुरू करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना गाडी सुरू केली की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि ते नुकसान तुम्ही सुरू केल्यामुळे झालं म्हणून कंपनी नाकारते. आधी फोटो, मग कंपनीला फोन, मग गाडी ढकलत किंवा टेम्पोत टाकून गॅरेजला.

पल्सरच्या एमएच-१२ बद्दल लोक नागपुरात बरंच घाबरवतात. ओन डॅमेजच्या जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली यांसारखी आठ शहरं 'अ' विभागात आणि नागपूरसह बाकी सगळे 'ब' विभागात आहेत. विभाग नोंदणीच्या जागेवरून ठरतो. तुमच्या पल्सरला 'अ' विभागाचा १.७९३ टक्के दर लागला आहे, 'ब' मध्ये तो १.७६० असता. ३२,००० च्या आयडीव्हीवर फरक अकरा रुपयांचा. त्यासाठी नंबर बदलायच्या फंदात पडू नका. एकाच राज्यात असल्याने नवा नंबर घ्यायची गरजही नसते. फक्त पत्ता बदलल्याचा फॉर्म ३३ दिलेला नसेल तर देऊन टाका.

हे टक्के सांगायचं आणखी एक कारण आहे. तुमच्या तिन्ही पावत्यांवर ओन डॅमेज त्या जुन्या दरपत्रकाच्या पूर्ण दराने लावलेलं आहे. हे दर बांधील राहिलेले नाहीत. २००७ पासून कंपन्या त्यावर स्वतः सूट देतात. तुमच्या बुलेटवर बोनस सोडून एका पैशाची सूट नाही. पुढच्या रिन्यूअलला तीन कंपन्यांचे दर मागा, पण आयडीव्ही तिन्हीकडे सारखी ठेवून. नाहीतर एखादी कंपनी आयडीव्ही एक लाख पंधरा हजारांवरून नव्वदवर आणते, हप्ता कमी दिसतो, आणि गाडी चोरीला गेली की पंचवीस हजार कमी मिळतात.

बुलेटचा फुल इन्शुरन्स ठेवा, झिरो डेपही पाच वर्षं होईपर्यंत ठेवा. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत तुम्हाला भरावी लागते. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढते: तीन ते चार वर्षांत २५ टक्के, पुढच्या वर्षी ३५. तुम्ही बाहेरून लेगगार्ड, सॅडल बॅग किंवा जादा दिवे लावले असतील तर ते आयडीव्हीत नसतात. त्यांची बिलं देऊन पॉलिसीत नोंदवा. विजेवरच्या उपकरणांना जुन्या दरपत्रकात किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता आहे. आवाजाचा सायलेन्सर लावला असेल तर काढून कंपनीचा बसवा.

बुलेटला सध्या ३५ टक्के बोनस आहे, पुढे ४५ आणि मग ५०. मध्ये दावा केला तर तो शून्यावर येतो आणि २०, २५, ३५ असं पुन्हा चढावं लागतं. घटती आयडीव्ही धरून पुढच्या तीन वर्षांचा हिशेब केला तर एका दाव्याची किंमत जीएसटीसह दोन हजारांच्या आसपास येते. म्हणून आरसा, इंडिकेटर, क्लच लिव्हर अशा दोन हजारांच्या आतल्या खर्चाला दावा करू नका. एका गाडीचा दावा दुसऱ्या गाडीच्या बोनसला धक्का लावत नाही, त्यामुळे स्प्लेंडरचं ५० टक्के सुरक्षित राहतं. चोरीच्या दाव्यात दोन्ही चाव्या मागतात. तीन गाड्यांच्या सहा चाव्या घरात कुठे आहेत ते आजच शोधून ठेवा.

तिन्हींच्या एका पॉलिसीबद्दल विचारलंत. जुलै २०२२ मध्ये नियामकाने एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी फ्लोटर पद्धतीच्या विम्याला परवानगी दिली आहे. पण ती ओन डॅमेजपुरती आहे, थर्ड पार्टी गाडीगणिक वेगळाच राहतो, आणि विकणाऱ्या कंपन्या थोड्या. सगळ्या गाड्या एकाच व्यक्तीच्या नावावर लागतात, म्हणजे आत्ता स्प्लेंडर त्यात बसतच नाही. ती नावावर झाल्यावरही तुमचं ओन डॅमेज बुलेटचं १,३१६ आणि स्प्लेंडरचं १६२ एवढंच उरेल. त्यात फ्लोटरने शंभर-दीडशेच्या पुढे फरक पडेल असं वाटत नाही. दोन-तीन महागड्या गाड्या असलेल्या माणसाने त्याची चौकशी जरूर करावी.

एवढं झाल्यावर तुमच्या पावत्या अशा दिसतील: स्प्लेंडर १,०३४, पल्सर ८४३, बुलेट २,४७३, मिळून ४,३५० रुपये. वाचलेल्या १,४५५ पैकी दोन सीपीएचे ७७९ आणि बाकीचे पल्सरच्या ओन डॅमेजचे. कंपनीकडून सूट मिळाली तर एकूण हप्ता ४,३५० हूनही कमी होईल. स्प्लेंडरच्या नावबदलाचा खर्च वाचलेल्या पैशांतून एकदाच जाईल.

बुलेटच्या बाबतीत एक तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. दर दसऱ्याला तुम्ही जे रिन्यू करता ते फक्त ओन डॅमेज आहे. पाच वर्षांचा थर्ड पार्टी ऑक्टोबर २०२७ ला संपेल, आणि तो वेगळ्या कंपनीचा असेल तर आठवण करून देणारा मेसेज येईलच असं नाही. ओन डॅमेजची पावती खिशात असते, म्हणून गाडीचा विमा आहे असं वाटत राहतं, आणि थर्ड पार्टी मात्र संपलेला असतो. त्या वर्षी आत्ताच्या दराने १,३६६ आणि जीएसटी, म्हणजे १,६१२ रुपये जादा लागतील. ते बाजूला ठेवा, आणि ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी तेव्हापासून एकाच कंपनीत, एकाच तारखेला आणा.